पिसाच्या मनोऱ्याखालची जमीन

इटलीतील पिसा येथील मनोरा त्याच्या कलण्यामुळे जगप्रसिद्ध झाला. या कलण्याचे मूळ मात्र दगडकामात नसून खालच्या जमिनीत आहे. आर्नो नदीच्या खोऱ्याच्या मुखाशी, समुद्राजवळच्या सखल मैदानावर हे शहर वसले आहे. तेथील जमीन नदीने आणि समुद्राने हजारो वर्षे साचवलेल्या गाळाची आहे. सुमारे ५८ मीटर उंच आणि १४,५०० टन वजनाच्या या मनोऱ्याचा पाया तिच्यात जेमतेम ३ मीटर खोल गेला आहे.

जमिनीचे थर

विसाव्या शतकात मनोऱ्याभोवती बोअर घेऊन मातीचे नमुने काढण्यात आले. त्यावरून तीन मुख्य थर स्पष्ट झाले. सर्वांत वर सुमारे १० मीटर जाडीचा गाळ, वाळू व चिकणमाती यांचा मिश्र थर आहे. दक्षिणेकडे त्यात चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्याने ती बाजू जास्त दबते. त्याखाली साधारण ४० मीटर खोलीपर्यंत मुख्यतः मऊ सागरी चिकणमाती असून तिच्याखाली घट्ट वाळू आहे. भूजलपातळी जमिनीखाली अवघ्या १ ते २ मीटरवर आहे. चिकणमातीच्या थराचा वरचा पृष्ठभाग मनोऱ्याखाली बशीसारखा खोलगट झाला आहे. मनोरा सरासरी सुमारे ३ मीटर खचल्याची ही खूण होय.

पाण्याची भूमिका

चिकणमातीवर भार पडला की प्रथम तो तिच्या सूक्ष्म छिद्रांतील पाण्यावर येतो. हे पाणी अत्यंत सावकाश बाहेर पडते आणि तसतशी माती दाबली जाऊन बळकट होते. या क्रियेचा गणिती सिद्धान्त मृदायांत्रिकीचे जनक कार्ल तेर्झागी यांनी १९२०च्या दशकात मांडला. पिसात त्याचा प्रत्यय कित्येक शतके आधी आला होता. ११७३मध्ये सुरू झालेले बांधकाम ११७८च्या सुमारास चौथ्या मजल्यावर थांबले आणि १२७२मध्ये पुन्हा सुरू झाले. हा सुमारे शंभर वर्षांचा खंड पडला नसता, तर मऊ मातीने पुढचा भार पेललाच नसता, असे तज्ज्ञांचे मत आहे.

जमीन न ओळखता केलेले उपाय

१८३८मध्ये जमिनीत गेलेला तळ उघडा करण्यासाठी मनोऱ्याभोवती चर खणण्यात आला. तो भूजलपातळीखाली गेल्याने पाणी आत शिरले आणि कल वाढला. १९३४मध्ये पायात भोके पाडून सिमेंटचे मिश्रण भरण्यात आले. त्यानेही मनोरा आणखी दक्षिणेकडे सरकला. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी खालच्या वाळूच्या थरातून पाण्याचा उपसा वाढला, तेव्हा कलण्याचा वेग वाढला. उपसा आवरल्यावर तो मंदावला.

पाहणीतून सापडलेला मार्ग

१९८९मध्ये इटलीतीलच पाविया येथील जुना मनोरा कोसळून चार जणांचा बळी गेला. त्यानंतर जानेवारी १९९०मध्ये पिसाचा मनोरा बंद करण्यात आला आणि प्रा. मिकेले याम्योल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. १९९३मध्ये उत्तरेकडे सुमारे ६०० टन शिशाचा भार ठेवल्याने कल किंचित घटला. १९९५मध्ये मात्र भूजल अडवण्यासाठी जमीन गोठवताच मनोरा हलू लागला. ते काम थांबवून शिशाचा भार वाढवावा लागला.

अखेर १९९९ ते २००१ या काळात उत्तर बाजूच्या पायाखालून तिरप्या बोअरमधून थोडी थोडी माती काढण्यात आली. प्रत्येक टप्प्यानंतर मापे घेऊनच पुढचे पाऊल टाकले जाई. कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी झाला आणि डिसेंबर २००१मध्ये मनोरा लोकांसाठी खुला झाला. जोरदार पावसात वरच्या थरातील पाणी चढले की मनोरा किंचित दक्षिणेकडे झुकतो, हेही निरीक्षणांतून कळले होते. म्हणून पुढे उत्तरेकडे निचऱ्याच्या विहिरी खोदून ही पातळी आटोक्यात आणली गेली. मनोऱ्याची हालचाल थांबल्याचे तज्ज्ञांनी २००८मध्ये जाहीर केले.

गाळाच्या जमिनीवर इमारत उभारताना आज आधी बोअर घेतात, नमुने तपासतात आणि पाण्याची पातळी वेगवेगळ्या ऋतूंत मोजतात. पिसात ही पाहणी बांधकामानंतर काही शतकांनी झाली. पण मनोरा वाचला तो तिच्यामुळेच.