आधी रायटिंग्टनला या, मग खुबा न्या

१९६० च्या दशकात एखाद्या ब्रिटिश सर्जनने लीड्सच्या थॅकरे कंपनीकडे चार्नली पद्धतीचा कृत्रिम खुबा मागवला, तरी माल लगेच निघत नसे. कंपनीचा पहिला प्रश्न असे, रायटिंग्टनला जाऊन आलात का? हा खुबा घडवणारे सर्जन जॉन चार्नली यांची संमती नसेल तर खुबा विकायचा नाही, असा दंडकच होता. मग ऑर्डर देणारा लंडनमधला कितीही बडा डॉक्टर असो, त्याला मुकाट्याने लँकेशायरची गाडी धरावी लागे.

रायटिंग्टन म्हणजे विगन शहराजवळचं आडगाव. १९३३ मध्ये तिथे क्षयरोग्यांसाठी इस्पितळ सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागून आणखी औषधं आली, रोगी घरी जाऊ लागले आणि खाटा ओस पडल्या. मँचेस्टरमध्ये नाव कमावलेल्या चार्नलींची नजर नेमकी या खाटांवर गेली. सगळे फ्रॅक्चर, सगळे सांधे करत बसायचा त्यांना कंटाळा आला होता. एका इस्पितळात एकाच सांध्याचं काम चालावं, हा त्यांचा हट्ट. १९६१ मध्ये तिथे खुब्याच्या शस्त्रक्रियेचं स्वतंत्र केंद्र उघडलं.

हट्टामागे एक करकरणारा खुबा होता. फ्रान्समधल्या ज्युडे बंधूंनी ॲक्रिलिकचा गोळा मांडीच्या हाडावर बसवण्याची पद्धत काढली होती. असा गोळा बसवलेला एक रुग्ण जेवणाच्या टेबलावर जरा वाकला की खुबा करकरे आणि त्याची बायको वैतागून उठून जाई. डॉक्टरमंडळी हसली असती. चार्नली घर्षणाचा अभ्यास करायला बसले. धातूचा गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा, प्लास्टिकची जाड वाटी, आणि दोन्ही हाडात पक्की बसवायला दातांच्या डॉक्टरांकडचं ॲक्रिलिक सिमेंट, अशी त्यांची रचना ठरली. सुरुवातीच्या कित्येक वाट्या त्यांनी घरच्या लेथवर स्वतः कातल्या.

वाटीसाठी त्यांनी निवडलं टेफ्लॉन. गुळगुळीत, निसरडं, कागदावर निर्दोष. सुमारे ३०० रुग्णांना ते बसवलं गेलं. रुग्ण वेदनेशिवाय चालू लागले, आणि दोन-तीन वर्षांत परत येऊ लागले. टेफ्लॉन झिजत होतं आणि त्याच्या कणांभोवती शरीरात गाठी धरत होत्या. चार्नलींनी टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून ती प्रतिक्रिया पडताळली. हे ३०० रुग्ण तीस इस्पितळांत दहा-दहा असे विखुरलेले असते तर? प्रत्येक सर्जनने आपल्या दोन-चार रुग्णांचं नशीब म्हणून विषय सोडला असता. सगळे एकाच दारात आले, म्हणून दोष रचनेचा आहे हे इतक्या लवकर कळलं. विशेष इस्पितळाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा दुसरा नसेल, आणि तो एका अपयशाने दिला.

१९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता नव्या जातीच्या पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. त्याचे गिअर लँकेशायरच्या मागांवर वापरत. चार्नलींनी तुकड्यावर नख रोवून पाहिलं आणि नापसंतीने निघून गेले. तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो गुपचूप झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे, तितकं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. नोव्हेंबरमध्ये त्याची वाटी पहिल्या रुग्णाला बसली. साहेबांचं न ऐकणारा माणूस हाताशी असणं हेही अशा केंद्राचं भांडवलच.

पुढची लढाई जंतूंशी. सुरुवातीला शंभरातल्या सात-आठ खुब्यांत जंतुसंसर्ग होई. चार्नलींनी बोल्टनच्या हॉवर्थ कंपनीकडून शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती गाळलेल्या हवेची काचेची खोली उभी करून घेतली. सर्जनांनी अंगभर बंद झगे घातले. प्रमाण शेकडा एकाच्या खाली उतरलं. शिवाय मृत्यूनंतर खुबा तपासणीसाठी परत मिळावा, अशी विनंती रुग्णांना केली जाई. कित्येकांनी ती मान्य केली.

विक्रीवरचं बंधन १९७० च्या सुमारास सैल झालं. ते फार काळ टिकणार नव्हतंच, कारण दुखरे खुबे जगभर होते. जिल्ह्याजिल्ह्यांत शस्त्रक्रिया होऊ लागल्या, लाखोंना त्याचा फायदा झाला. सोबत चार्नलींच्या खुब्याच्या स्वस्त नकलाही आल्या. १९९१ मध्ये बाजारात आलेला थ्रीएम कंपनीचा ‘कॅपिटल’ खुबा सुमारे ४,७०० ब्रिटिश रुग्णांना बसला आणि वेळेआधीच सैल होऊ लागला. १९९८ मध्ये सरकारी इशारा निघाला, तेव्हा तो कुणाकुणाला बसवलाय हे शोधतानाच इस्पितळांच्या नाकी नऊ आले. स्वीडन १९७९ पासून देशभरच्या खुब्यांची नोंद ठेवत होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये तशी नोंद सुरू व्हायला २००३ उजाडलं.

आता प्रश्न पहिल्या शस्त्रक्रियेचा उरला नाही, ती कुठेही नीट होते. अवघड आहे ती पुनर्शस्त्रक्रिया. जुनं सिमेंट फोडून काढायचं, खंगलेल्या हाडाला आधार द्यायचा, संसर्ग असेल तर काही वेळा दोन टप्प्यांत उघडायचं. स्टॅनमोरच्या रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलचे टिम ब्रिग्ज यांनी २०१२ नंतर इंग्लंडमधली अस्थिरोग खाती पालथी घातली, तेव्हा वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पुनर्शस्त्रक्रिया करणारे सर्जन ठिकठिकाणी सापडले. ही कामं मोजक्या केंद्रांकडे द्या, असं त्यांचं म्हणणं. गुडघ्याच्या पुनर्शस्त्रक्रियांसाठी इंग्लंडमध्ये तशी इस्पितळांची जाळी विणली गेली. त्यांत सर्जन एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करतात आणि कोण जवळच राहील, कोण केंद्रात जाईल ते ठरवतात.

अवघड कामं केंद्रांकडे गेली तर आमच्या सर्जनांचा सराव सुटेल, ही जिल्हा इस्पितळांची कुरबुर मात्र खोटी नाही. कृत्रिम खुब्याभोवतीचं हाड मोडलेली ऐंशीची आजी रात्री रुग्णवाहिकेतून येते ती जवळच्याच दारात, आणि अवघड कामाचा सराव असलेला सर्जन अशा वेळी तिथेही लागतो.