तमाशाचा पैसा आणि आपलं गाणं

महाड म्हटलं की आपल्याला तळं आठवतं. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद आठवते, २५ डिसेंबरला पेटलेली मनुस्मृती आठवते. त्याच वर्षाची आणखी एक हकिकत आहे. आपल्या सभांतून ती फारशी ऐकू येत नाही.

सत्याग्रहाला पैसा लागत होता. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं, आणि बाबासाहेबांनी ते घेतलं नाही, असं सांगितलं जातं. महाराच्या बाईला नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता.

बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण. जात सोडून तमाशात आला, ढोलकीवर मुंबईचा गिरणीकामगार वेडा केला, आणि १९४५ साली हलाखीत मेला. त्याचा त्याग खोटा नव्हता. पण त्याच्या लावणीला उभी राहिली ती पवळा, संगमनेरकडच्या हिवरगावची. बापूरावाला शाहिराचा मान मिळाला; पवळा मात्र 'बापूरावाची पवळा' म्हणूनच उरली. गळा तिचा, पाय तिचे, नाव त्याचं. तमाशाचा फड बहुतेक आपल्याच जातींचा. महार, मांग, कोल्हाटी. गावाला दिवसा आमची सावली चालत नव्हती, रात्री आमची बाई चालत होती. बाबासाहेबांनी नकार दिला तो या हिशेबाला.

मग आपण गायचं काय? ढोलकी फेकून द्यायची?

वाट आधीच पडलेली होती. फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, पुढे त्यातून सत्यशोधकी जलसा निघाला. साचा तमाशाचाच, पोटातला माल बदललेला. १९३० नंतर आंबेडकरी जलसा याच वाटेने आला. नाशिककडे काळाराम मंदिराचा सत्याग्रह पेटलेला, आणि भीमराव कर्डकांसारखी माणसं गावोगाव फड लावत होती. गणपतीचं नमन गेलं. कृष्णाने गौळणींची वाट अडवायची, तेही गेलं. वगात राजाराणीच्या जागी आपलं घर आलं. मेलेलं ढोर ओढू नका, पोरगं शाळेत घाला, येसकरकी सोडा, असं सवालजवाबात सांगितलं जाई. वाचता न येणाऱ्या माणसाला ते एका रात्रीत कळत होतं. कर्डकांनी हा इतिहास १९७८ साली पुस्तकात लिहून ठेवला म्हणून आज हाती लागतो.

या गाण्याला रेकॉर्ड कंपनीने विचारलं नाही. जगातही तेच. अमेरिकेत १९३९ साली बिली हॉलिडे या काळ्या गायिकेला झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. तिच्या मोठ्या कंपनीने अंग काढून घेतलं. एका छोट्या कंपनीने ते केलं. आपल्याकडे छोटी कंपनीही नव्हती. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षर शिकले, गाणी लिहिली आणि पायी फिरून गायली. नंतर कॅसेट आली, आणि प्रल्हाद शिंद्यांचा गळा चाळीचाळीतून वाजला.

पण दोस्तांनो, एक हिशेब राहिलाच. जलशाने बाईला नाचण्यातून सोडवलं आणि तिला मंचावरूनही उतरवलं. तिची भूमिका मिशा काढून पुरुष करू लागला. अब्रू वाचली, गळा गेला. त्या काळात दुसरा रस्ता कठीण होता, हे मान्य. म्हणून आजही तोच रस्ता धरायचा काय?

बाई गप्प नव्हतीच. ती जात्यावर होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जमवलेल्या लाखभर ओव्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. त्या बायांना कुणी वही दिली नव्हती, कुणी मंडप घातला नव्हता. आणि अलीकडे कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या, तर मोबाईलवरून तो आवाज घराघरात गेला. ना कंपनी, ना फड, ना घुंगरू. पवळेचा हिशेब तिथे थोडा चुकता झाला, असं मला वाटतं.

आता महाड-पोलादपूरच्या पोरांना सांगणं आहे. वीस मार्चला क्रांतिस्तंभाकडे जाताना डीजे लावायचा तर लावा. आपल्यालाही आनंद करायचा हक्क आहे. पण डीजेच्या भिंतीमागे म्हाताऱ्या उभ्या असतात. बिरवाडीपासून घाटाखालच्या वाड्यांपर्यंत, जात्यावर बसलेल्या शेवटच्या बाया आज ऐंशीच्या घरात आहेत. वसाहतीतल्या प्रत्येक कामगाराच्या खिशात आज रेकॉर्डिंगचं यंत्र आहे. एक रविवार काढा. आजीपुढे बसा, तिची ओवी घ्या. आणि खाली तिचं नाव घाला. नवऱ्याचं नको, शाहिराचं नको, तिचंच.