लिथियमची गोळी आणि रक्ताची तपासणी

बायपोलर आजारात मन काही काळ अति उत्साहाच्या, म्हणजे उन्मादाच्या, तर काही काळ नैराश्याच्या टोकाला जाते. लिथियमने बरे वाटू लागले की रुग्ण विचारतात, “डॉक्टर, आता गोळी कशाला? आणि सारखे रक्त का तपासायचे?” उत्तर या औषधाच्या इतिहासात आहे.

१९४८ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या एका रुग्णाला लिथियम दिले. पाच वर्षे आजारी असलेला तो माणूस काही महिन्यांत घरी गेला, कामावरही रुजू झाला. मग त्याने गोळ्या सोडल्या आणि त्याला पुन्हा दाखल व्हावे लागले. १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो दगावला. रक्तातील प्रमाण मोजून डोस ठरवण्याची पद्धत नंतर आली आणि औषध सुरक्षित झाले. आज ही पातळी साधारण ०.६ ते १.० ठेवतात. किडनी आणि थायरॉइडही तपासतात.

आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात हे विशेष महत्त्वाचे. भट्टीजवळ खूप घाम गेला आणि पाणी कमी पडले, किंवा अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेतले, तर पातळी वाढते. रात्रपाळीने झोप मोडली तर उन्माद उसळू शकतो. पाळीबद्दल डॉक्टरांशी बोला.

उलट्या, जुलाब, हातांची जास्त थरथर, तोल जाणे दिसल्यास लगेच रुग्णालय गाठा. एरवी बरे वाटते म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. बरे वाटते ते बहुतेकदा गोळीमुळेच.