बाळंतपणाच्या कळा आणि सुया : ॲक्युपंक्चरचा इतिहास काय सांगतो?

"कळा सोसल्याशिवाय का कुणी आई होतं?" हे वाक्य तुमच्यापैकी बहुतेकींनी ऐकलं असेल. त्यामुळे औषधाशिवाय वेदना कमी होत असतील तर बरं, असं वाटणं साहजिक आहे. मग ॲक्युपंक्चरचं नाव पुढे येतं. त्याचा खरंच उपयोग होतो का? यासाठी थोडं मागे जाऊ या.

सुयांचा उपचार चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपासून चालत आला आहे. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी भूल म्हणून सुया वापरणं इतकं जुनं नाही. ते १९५८ मध्ये सुरू झालं. बाहेरच्या जगाला त्याचं कुतूहल वाटू लागलं ते १९७१ मध्ये. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी तो अनुभव लिहिला. "सुया टोचून ऑपरेशन केलं" अशीच ही गोष्ट अनेकांच्या लक्षात राहिली.

पण रेस्टन यांनी तसं लिहिलंच नव्हतं! ऑपरेशन नेहमीसारखी भुलीची इंजेक्शनं देऊन झालं. नंतर पोट फुगून त्रास होऊ लागला, तेव्हा कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या आणि त्यांना आराम पडला.

पुढच्याच वर्षी इटालियन दिग्दर्शक अंतोनियोनी यांनी चीनवर माहितीपट केला. त्यात सुयांच्या भुलीखाली होणारं सिझेरियन दिसतं. बाई जागी आहे, बोलते आहे. पाहणारे थक्क झाले. मात्र अशा शस्त्रक्रियांसाठी रुग्ण निवडून घेतले जात आणि अनेकदा सुयांच्या जोडीला औषधंही दिली जात, हे पुढे स्पष्ट झालं.

मग सुयांचा काहीच परिणाम होत नाही का? तसंही नाही. १९७५ मध्ये शरीरातच तयार होणाऱ्या, अफूसारखं काम करणाऱ्या वेदनाशामक द्रव्यांचा शोध लागला. सुयांमुळे ही द्रव्यं स्रवतात, असं एक स्पष्टीकरण त्यानंतर पुढे आलं.

आता बाळंतपणाकडे येऊ. २००२ मध्ये स्वीडनमधल्या ९० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुया घेतलेल्या स्त्रियांना एपिड्युरल कमी लागलं, त्या अधिक निवांत होत्या. पण वेदना किती तीव्र आहेत, याच्या नोंदीत फरक नव्हता. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशरच्या मिळून २८ चाचण्या पाहिल्या गेल्या. खोट्या सुयांशी तुलना करता खऱ्या सुयांनी वेदनेची तीव्रता फारशी घटली नाही. मात्र समाधान वाढू शकतं आणि वेदनाशामक औषधांची गरज कमी होऊ शकते, असं दिसलं. हा पुरावा फार भक्कम नाही.

थोडक्यात, रेस्टन यांच्याप्रमाणेच इथेही सुयांची जागा जोडीला आहे, भुलीच्या ऐवजी नाही.

तुम्ही विचार करत असाल, तर एवढं लक्षात ठेवा :

• आधी तुमच्या प्रसूतितज्ज्ञांशी बोला. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा रक्तस्रावाची प्रवृत्ती असेल, तर ते आवर्जून सांगा.
• सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. टोचणारी व्यक्ती प्रशिक्षित असावी.
• घरी स्वतः प्रयोग नको. अंगठा व तर्जनीमधला आणि घोट्याच्या वर आतल्या बाजूचा, असे कळांसाठी वापरले जाणारे दोन बिंदू पारंपरिक चिनी वैद्यकात गरोदरपणी निषिद्ध मानले आहेत.
• "सुया घेतल्या ना, आता सोस" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. कळा असह्य झाल्यावर एपिड्युरल मागणं म्हणजे हार नव्हे. तो तुमचा हक्क आहे.