नीहारचें लग्न : एका बातमीचें नाटक आणि नाटकाचे चित्रपट

स्पेन देशाच्या आग्नेय कोपऱ्यांत आल्मेरिया नांवाचा प्रांत आहे व त्या प्रांतांत नीहार हें गांव आहे. नांव कानीं पडतांच मराठी माणसास दंव-धुक्याची आठवण व्हावी. परंतु युरोप खंडांतील अत्यंत कोरड्या मुलखांपैकीं हा एक होय. उघडे डोंगर, निवडुंग, दोर वळण्याच्या उपयोगाचें राठ गवत आणि दुरून दुरून दिसणारीं पांढरीं घरें, एवढीच येथील शोभा. गांवापासून कांहीं कोसांवर 'फ्राइलेचा वाडा' या नांवाची शेतावरील जुनी वास्तु आहे. फ्राइले म्हणजे मठवासी साधु. अठराव्या शतकांत डॉमिनिकन पंथाच्या साधूंनीं ती बांधिली.

१९२८ सालच्या जुलै महिन्यांत या वाड्यांत लग्नघाई चालली होती. वधू तेथील कुळाची मुलगी, पायानें किंचित् अधू. बापानें तिच्या नांवें हुंडा म्हणून बरीच रक्कम ठेविली होती. तिच्या वडील बहिणीचा दीर वर म्हणून ठरला होता. लेकीचें धन घरच्या घरांत राहावें, हा हेतु त्यांत उघड दिसत होता. उन्हाच्या भयानें विधि पहाटेपूर्वीं उरकावयाचा होता. पाहुणे जमले आणि वधू दिसेना. नात्यांतील एका तरुणाबरोबर ती रात्रींच निघून गेली होती. वराच्या भावानें त्या दोघांस वाटेंत गांठून तरुणास गोळ्या घालून ठार केलें. वधूचाहि गळा आवळण्यांत आला. ती मेली असें समजून तिला तेथेंच टाकिलें, परंतु ती जगली.

बातमी स्पेनभर पसरली. फेदेरीको गार्सिया लॉर्का या कवीनें ती वर्तमानपत्रांत वाचिली. नीहारच्या परिसरांतच लहानपण गेलेल्या कार्मेन दे बुर्गोस या लेखिकेच्याहि मनांत तिनें घर केलें. कार्मेनबाईंनीं १९३१ सालीं यावर एक लघुकादंबरी लिहिली व तींत प्रेमी जीवांना सुखरूप निसटूं दिलें. लॉर्कानें तसें केलें नाहीं. त्याचें 'रक्तविवाह' हें नाटक ८ मार्च १९३३ रोजीं माद्रिद येथें रंगभूमीवर आलें, आणि पुढें अर्जेंटिनांतील ब्यूनॉस आयरीस शहरांत त्यानें मोठा लौकिक मिळविला.

कवीनें मूळ घटनेंत काय बदललें, हें पाहण्यासारखें आहे. वराचा भाऊ गेला, बंदूक गेली, वधूचें अधूपण गेलें. प्रियकर विवाहित झाला. वर आणि प्रियकर हे दोघे परस्परांस सुरीनें मारतात. ज्या मुलखांत झाडाची सावली दुर्मिळ, तेथें कवीनें अरण्य उभें केलें. त्यांत चंद्र बोलतो आणि मृत्यु भिकारणीच्या वेषानें हिंडतो. तथापि मागणीच्या प्रसंगीं वराची आई व वधूचा बाप जमिनीच्या गोष्टी करतात, तेवढ्यापुरता मूळचा व्यवहार पुन्हां डोकावतो. बाकी सर्व दैवाच्या अधीन झालें.

१९३६ च्या ऑगस्टमध्यें, यादवीच्या आरंभींच, ग्रानाडानजीक लॉर्काला फ्रँकोच्या पक्षानें गोळ्या घातल्या. मार्गारिता शिर्गू ही त्याची आवडती नटी तेव्हां अमेरिका खंडांत होती. ती स्वदेशीं परतली नाहीं. १९३८ सालीं अर्जेंटिनांत एदमुंदो गिबुर्ग यांनीं या नाटकावर बोलपट काढिला, त्यांत आईची भूमिका तिनेंच केली. ज्या आईचे नवरा आणि मुलगे सुरीनें गेले, तिचा शोक त्या वर्षीं केवळ नाटकांतला राहिला नव्हता. १९७७ सालीं सुहैल बेन बरका यांनीं हीच कथा मोरोक्कोंत नेली. १९८१ सालीं कार्लोस साउरा यांनीं आंतोनिओ गादेस यांच्या नृत्यांतून ती सांगितली; त्यांत शेवटचें सुऱ्यांचें द्वंद्व अगदीं संथ गतीनें, संगीतावांचून चालतें. २०१५ सालीं पाउला ओर्तिस या दिग्दर्शिकेनें 'वधू' या नांवानें ती पुन्हां पडद्यावर आणिली.

प्रत्येक वेळीं खुनामागची प्रीति अधिक उजळली आणि खुनामागचा हिशेब मात्र अंधुक होत गेला. यांत कवीचा दोष नाहीं. हुंड्याच्या भांडणांतून खून अनेक होतात, त्यांचीं नाटकें होत नाहींत. परंतु इतिहास वाचणारानें दोन्ही गोष्टी जवळ ठेवाव्या. त्या मुलीला पळावें लागलें तें चंद्राच्या सांगण्यावरून नव्हे. तिच्या हुंड्याचा विचार झाला, तिच्या मनाचा झाला नाहीं.

आणि ती जिवंत होती. नाटक गाजलें, कवि मारला गेला, बोलपट निघाले, तेव्हां ती त्याच मुलखांत राहात होती. तिनें पुढें लग्न केलें नाहीं. विचारावयास येणाऱ्यांपुढें तोंड उघडलें नाहीं. १९८७ सालीं तिचा अंत झाला. रंगभूमीवरील वधूचा शोक पडदा पडतांच संपतो. या वधूनें तो जवळजवळ साठ वर्षें मुकाट्यानें वाहिला. फ्राइलेचा वाडा पाहावयास प्रवासी आजहि जातात. पडक्या भिंतींपुढें उभे राहून ते कवीचें नांव घेतात. त्या वेळीं तिचीहि आठवण कोणी करील तर तें न्यायाचें होईल.