आघाडा : एका रानवनस्पतीचा नामेतिहास

नांदेड व लातूर जिल्ह्यांत पावसाळा सुरू होताच बांधांवर, गायरानांत व पडक्या भिंतींच्या कडेला जी रोपे आपोआप उगवतात, त्यांपैकी आघाडा ही एक सर्वपरिचित वनस्पती होय. वनस्पतिशास्त्रातील ‘अकिरँथिस अस्पेरा’ हे तिचे नाव लिनीयस याने १७५३ साली दिले. माठ व कुर्डू यांचे जे कुल, तेच हिचेही. पाने समोरासमोर असतात आणि शेंड्यावर लांब, ताठ तुरा येतो. उमलून गेलेले फूल उलटे होऊन दांड्याशी लगटते. फळावरील अणकुचीदार आवरणामुळे ते गुरांच्या अंगाला व माणसांच्या वस्त्रांना चिकटते आणि बीजप्रसार होतो.

ही लक्षणे प्राचीनांच्याही दृष्टीस पडली होती. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात या वनस्पतीस ‘प्रतीचीनफल’, म्हणजे उलट्या फळांची, असे म्हटले आहे. कोशांतील ‘खरमंजरी’ या नावाचा अर्थ खरखरीत तुऱ्याची. लॅटिन ‘अस्पेरा’ या शब्दाचा अर्थही खरखरीत असाच आहे. ‘अपामार्ग’ हे नाव मात्र रूपावरून नव्हे, कार्यावरून पडले. ‘अप’ व ‘मृज्’ यांपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा अर्थ पुसून टाकणारा. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील १७ ते १९ या सूक्तांत भूक, तहान व अनपत्यता पुसून टाकण्याची प्रार्थना या वनस्पतीस केलेली आहे.

मराठी ‘आघाडा’ हा ‘अपामार्ग’ शब्दाचा अपभ्रंश नव्हे. त्याचे मूळ संस्कृत कोशांतील ‘आघाट’ या शब्दात आहे. ‘घट’चा घडा व ‘वट’चा वड झाला, त्याच नियमाने येथे ‘ट’चा ‘ड’ झाला. पंडितांचे नाव मंत्रांत व वैद्यकात राहिले. लोकांचे नाव स्वतंत्र वाटेने आले.

देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगूत हीच वनस्पती ‘उत्तरेणि’, तर निलंगा-उदगीरच्या पलीकडे कन्नडमध्ये ‘उत्तराणि’ होते. १९५६ पर्यंत निलंगा व उदगीर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. नावे भाषेच्या सीमेवर बदलतात. उपयोग बदलत नाहीत. गणेशाच्या २१ पत्रींत हे पान मराठी घरी वाहतात, तसेच तेलुगू घरीही. श्रावणात जिवतीच्या पूजेला आघाडा व दूर्वा लागतात. ऋषिपंचमीस त्याच्या काडीने दात घासतात. कोवळ्या पानांची भाजी करतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे ‘अपामार्गतण्डुलीय’ हे नाव याच्या बियांवरून पडले. याच्या राखेपासून काढलेला क्षार भगंदरावरील क्षारसूत्रासाठी आजही वापरतात.

लातूर-नांदेडच्या सोयाबीनच्या शिवारांत आज तणनाशकाचा वापर रूढ झाला आहे. फवारणाऱ्यास सर्व रानरोपांकरिता ‘तण’ हा एकच शब्द पुरतो. आघाडा चिवट असल्याने तो नष्ट होईल अशी भीती नाही. परंतु पत्री बाजारातून जुडीने विकत घेतली जाऊ लागली की बांधावर उभे असलेले रोप ओळखण्याचे कारण उरत नाही. ‘आघाडा’ हा शब्द ग्रंथांनी नव्हे, तर पान खुडणाऱ्या हातांनी टिकविला. म्हणून अशा नावांची नोंद कोशांवरून न करता, बांधावर जाऊन, रोप दाखवून व त्याचा उपयोग विचारून करणे अगत्याचे आहे.