शटर-मोटर (जुनी झाल्यावर बदलण्याचा निर्णय)

दुकान, गोदाम किंवा गॅरेजचे पोलादी पट्ट्यांचे गुंडाळते दार विजेवर वर-खाली करणारे यंत्र. मोटर, गती कमी करणारी गिअरपेटी, विद्युतचुंबकी ब्रेक, दार कोठे थांबावे हे ठरवणारा लिमिट स्विच, वीज गेल्यावर वापरायची हातसाखळी आणि रिमोटचा संकेत घेणारे रिसीव्हर कार्ड हे त्याचे मुख्य भाग होत. प्रस्तुत नोंद यंत्राच्या रचनेविषयी नाही. जुने यंत्र दुरुस्त करावे, बदलावे की काढूनच टाकावे, एवढ्या प्रश्नापुरती ती आहे. उदाहरणे मुख्यतः रायपूर (छत्तीसगड) येथील परिस्थितीला धरून घेतली आहेत.

पार्श्वभूमी : अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर सरकणारे गॅरेजचे दार आणि १९२६ मध्ये ते उघडणारे विद्युत यंत्र तयार केले. तेथील दार छताखाली आडवे जाऊन बसते. आपल्याकडचे शटर पाइपावर गुंडाळले जाते आणि बंगल्याचे फाटक बहुधा रुळावर बाजूला सरकते. त्यामुळे परदेशी माहितीपुस्तिकांत यंत्राच्या आयुष्याची जी वर्षे दिलेली असतात ती येथे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

भारतात धातूच्या गुंडाळत्या शटरांसाठी आय. एस. ६२४८ : १९७९ हे मानक आहे. सरकारी बांधकामांत रूढ असलेल्या वर्गवारीनुसार सुमारे ८ चौ. मी. पर्यंतचे शटर नुसते हाताने, बॉल बेअरिंग बसवून १२ चौ. मी. पर्यंतचे हाताने, गिअर व हँडल लावून २५, हातसाखळीने ३५ आणि विजेवर ५० चौ. मी. पर्यंतचे शटर चालवावे. व्यवहारात मोटर याहून कितीतरी लहान शटरांना लावलेली दिसते. म्हणजे ती वजनासाठी नसून सोयीसाठी असते, आणि अशा ठिकाणी मोटर बिघडल्यावर तिच्यावाचून चालवणे हाही एक खरा पर्याय उरतो. अट एवढीच की मोटर बसवताना पाइपातल्या, शटराचे वजन तोलणाऱ्या स्प्रिंगा काढून टाकलेल्या नसाव्यात. बाजूला बसणाऱ्या साखळीच्या मोटरीसाठी त्या बहुधा काढलेल्या असतात. शटराच्या मधोमध पाइपावर बसणाऱ्या मोटरीला त्या लागतातच.

रायपूर : तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांत तळमजल्यावर दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे आहेत; गोलबाजार व मालवीय रोडला शटरांच्या सलग रांगा आहेत. चौबे कॉलनी, शंकरनगर वगैरे भागांत सरकत्या फाटकाच्या मोटरी अधिक. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य झाल्यानंतर शहर झपाट्याने वाढले. त्या वाढीच्या पहिल्या लाटेत बसवलेली यंत्रे आता बदलाच्या वयाला आली आहेत.

येथील दोन गोष्टी निर्णयाला थेट भिडतात. पहिली उन्हाळा. विद्युत मोटरींची क्षमता आय. ई. सी. ६००३४-१ या मानकात भोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअस धरून ठरवलेली असते. रायपुरात मे महिन्यात सावलीतला पाराच ४० च्या पुढे असतो, आणि मोटर बसते ती शटराच्या वर, पत्र्याच्या पेटीत. पाटीवर लिहिलेली क्षमता त्या दिवसांत पूर्ण मिळत नाही. दुसरी गोष्ट धूळ. उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने आहेत आणि शहराच्या गच्च्यांवर साचणारी काळी धूळ हा जुना तक्रारीचा विषय आहे. फाटकाच्या मोटरीत लिमिटसाठी चुंबक वापरलेला असेल तर लोहयुक्त धूळ नेमकी त्यावर धरते. फाटक अर्ध्यावर थांबू लागले तर आधी चुंबक पुसून पाहावा.

प्रत्यक्ष झिजते काय : ‘मोटर गेली’ असे मिस्त्री म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मोटर गेलेली नसते. हिशेब असा : शटर दिवसातून चारदा हलते आणि दर खेपेस २० सेकंद लागतात असे धरले, तर मोटर वर्षाकाठी जेमतेम ८ तास चालते. मोटरीच्या कपॅसिटरसाठी आय. ई. सी. ६०२५२-१ मध्ये अ पासून ड पर्यंत चार वर्ग दिले असून त्यांतील सर्वांत हलक्या वर्गाचे अपेक्षित आयुष्यही १,००० तास आहे. निव्वळ तास मोजले तर तोही शतकभर पुरावा. कपॅसिटर मरतो तो उष्णता, ओल आणि विजेच्या धक्क्यांनी, कामाने नव्हे. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, हे त्याचे नेहमीचे लक्षण. तो बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्यासाठी नवी मोटर घेणे म्हणजे उधळपट्टी.

रिसीव्हर कार्डाचे उलट असते. रिमोटची वाट पाहत ते वर्षाचे ८,७६० तास जागे असते. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर साधारणपणे १०५ अंशांना २,००० तास असे आयुष्य नोंदवलेले असते. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते हा प्रचलित ठोकताळा लावला, तर पेटीत सरासरी ५५ अंश असताना ६४,००० तास, म्हणजे सव्वासात वर्षे मिळतात. ६५ अंश असताना ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास. पत्र्याखालचे कार्ड भिंतीवर सावलीच्या बाजूला आणले एवढ्यानेच त्याचे आयुष्य लांबते. कार्ड स्वतंत्र मिळते. ते मिळेनासे होणे हे मात्र यंत्र बदलण्याचे सबळ कारण आहे, कारण काही बनावटींत कार्ड, लिमिट आणि मोटर एकमेकांवाचून चालत नाहीत.

मोटरीच्या गुंडाळीची स्थिती ५०० व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने) कळते. विद्युतरोधकाचा रोध १ मेगओमच्या खाली असेल तर ती सुकवून पुन्हा मोजावी. तरी न सुधारल्यास रिवाइंडिंग (गुंडाळी नव्याने भरणे) किंवा बदल. रिवाइंडिंग करताना मूळची तापमान-श्रेणी पाळली जाते का, याविषयी मतभेद आहेत.

बिघाड नसलेले बिघाड : (अ) शटर-मोटर अखंड चालण्यासाठी नसतेच. पाइपाच्या आत बसणारी नळीमोटर सलग सुमारे ४ मिनिटे चालण्याच्या क्षमतेची असते. दिवाळीच्या साफसफाईत शटर सारखे वर-खाली केले की आतला उष्णता-स्विच तुटतो आणि निवल्यावर आपोआप जुळतो. (आ) मोटरीचे जोर लावण्याचे बळ विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट आले तर बळ सुमारे ६१ टक्केच उरते. संध्याकाळी न उचलणारे शटर पहाटे सहज उचलत असेल तर दोष मोटरीत नाही. (इ) शटर ज्या उभ्या खाचेतून सरकते त्या गाइडमध्ये वाकलेली पट्टी, माती, सुकलेले ग्रीस. मोटर सोडवून किंवा हातसाखळीने शटर चालवून पाहिल्याशिवाय मोटरीविषयी कोणताही निर्णय घेऊ नये. स्प्रिंगचे शटर मोकळे केल्यावर कमरेइतक्या उंचीवर जवळपास स्थिर राहायला हवे. ते धाडकन खाली येत असेल तर स्प्रिंग थकली आहे. नवी मोटरही तिच्या ओझ्याखाली लवकरच जाईल. स्प्रिंग ताणलेली असल्याने तिचे काम माहितगारानेच करावे.

ब्रेक : बदलाचा निर्णय ज्यावर खरोखर अवलंबून असावा असा हा भाग, बाजारात मात्र त्याची चौकशी सर्वांत कमी होते. स्प्रिंग नसलेल्या शटराचे सगळे वजन ब्रेकच तोलून धरतो. बटण सोडल्यावर शटर जागीच थांबायला हवे. ते बोटभरही घसरत असेल तर ब्रेकची चकती झिजली आहे किंवा तिच्यावर तेल आले आहे. चकती व कॉइल मिळत असतील तर दुरुस्ती, न मिळाल्यास मोटर बदलणे. तिसरा मार्ग नाही. मोटर आणि पाइप यांना जोडणारी साखळी तुटली तर मोटरीचा ब्रेक निरुपयोगी ठरतो. त्यासाठी पाइपाच्या टोकाला बसणारा, पडते शटर अडवणारा स्वतंत्र सुरक्षा-ब्रेक असतो. युरोपातील मानके अशा पडण्यापासूनच्या संरक्षणाचा आग्रह धरतात. जुन्या बसवणुकीत तो नसला तरी नव्याने लावता येतो.

अडथळा ओळखणे : अमेरिकेत स्वयंचलित दारांखाली मुले चिरडून दगावल्यानंतर १९९० मध्ये कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना अडथळ्याला टेकल्यावर दोन सेकंदांत उलट फिरणे आणि त्याखेरीज प्रकाशकिरणाचा डोळा किंवा दाराच्या कडेला संवेदक असणे सक्तीचे झाले. त्यापूर्वीचे यंत्र बदलण्यासाठी तेथे दुसरे कारण लागत नाही. आपल्याकडची साधी एसी शटर-मोटर अडथळा ओळखत नाही. नवी घेतली तरी बहुधा ओळखत नाही. म्हणून केवळ जुनी मोटर काढून त्याच जातीची नवी बसवल्याने सुरक्षितता तसूभरही वाढत नाही. कार्डावर प्रकाशडोळ्यासाठी जोडणी आहे का ते पाहावे. नसेल तर ती असलेले कार्ड घ्यावे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खाली येण्यासाठी रिमोट बंद करून, दाबून धरलेले असेपर्यंतच चालणारे भिंतीवरचे बटण ठेवणे. शटराकडे पाहणारा माणूस तेथे हजर असतो, हे त्याचे बळ.

रिमोटचा संकेत : जुन्या रिमोटांत लहान स्विचांची पट्टी असे. ८ स्विचांचे २५६, १० चे १,०२४ आणि १२ चे ४,०९६ संकेत होतात. २०१५ मध्ये सॅमी कामकर या संगणक-सुरक्षा संशोधकाने मॅटेल कंपनीच्या एका खेळण्यातून, डी ब्रॉइन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिती क्रमाचा उपयोग करून, अशा रिमोटचे दार १० सेकंदांच्या आत उघडून दाखवले. यापुढची पायरी म्हणजे प्रत्येक दाबणीला बदलणारा संकेत. त्यातील कीलॉक ही पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी तिचीही फोड प्रसिद्ध केली. तरी रस्त्यावरच्या चोरापुरती ती स्थिर संकेतापेक्षा पुष्कळ बरी.

भारतीय बाजारात ४३३ मेगाहर्ट्झचे, दहा लाखांवर संकेत देऊ शकणारे पण स्थिर संकेताचे रिमोट विपुल आहेत. संख्या मोठी असल्याने सगळे संकेत एकामागून एक लावून पाहणे अवघड. ऐकून नक्कल करणे मात्र सोपे. ओळखण्याची खूण साधी आहे : चावीवाल्याने कॉपी रिमोटवर तुमच्या रिमोटची नक्कल मिनिटभरात उतरवली, तर संकेत स्थिर आहे. यावरही मोटर बदलण्याची गरज नाही; बदलत्या संकेताचा रिसीव्हर व त्याचे रिमोट पुरतात. भाडेकरू किंवा नोकर बदलल्यावर रिसीव्हरची स्मृती पुसून रिमोट पुन्हा नोंदवणे, हे कोणत्याही नव्या खरेदीआधी करावे.

नवी मोटर निवडताना : शटराचे प्रत्यक्ष वजन काढून त्याच्या दीडपट क्षमता घेण्याचा प्रघात आहे. बॅटरीवर चालणारी २४ व्होल्टची डीसी मोटर की एसी, याविषयी एकमत नाही.

किंमत : शटराचे माप व बनावट यांवर अवलंबून.

विल्हेवाट : ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; कार्डे अधिकृत संकलकाकडे द्यावीत. बॅटरीसाठी वेगळे नियम आहेत. गुंडाळीतील तांब्यामुळे मोटर कबाडीवाला आनंदाने नेतो. ती देण्यापूर्वी हातसाखळी आणि स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) काढून ठेवल्यास त्याच बनावटीच्या दुसऱ्या यंत्राला उपयोगी पडतात.